वस्तू खाली पडतात त्या घनतेमुळे नव्हे

"गुरुत्वाकर्षण नावाचं काही नाहीच. जी वस्तू हवेपेक्षा दाट ती खाली जाते, जी विरळ ती वर जाते. दगड पडतो, फुगा उडतो, विषय संपला. बाकी सगळं शाळेत घोकून घेतलेलं." अशा अर्थाचा मजकूर मोबाइलवरून सतत फिरत असतो. त्याच्या शेपटाला काही प्रश्नही जोडलेले असतात. महासागर धरून ठेवणाऱ्या ताकदीला एक फुलपाखरू का आवरत नाही? पृथ्वी ताशी 1,600 किलोमीटरने फिरते, तर आपण भिरकावले का जात नाही? हेलिकॉप्टर हवेत एका जागी थांबलं की खालची जमीन पुढे का सरकत नाही? हे बल आजवर कोणी मोजलंय का? आणि शेवटचा टोला असा, की खुद्द आइन्स्टाइननेच गुरुत्वाकर्षण हे बल नाही म्हटलंय.

मला हे प्रश्न फालतू वाटत नाहीत. यातल्या काहींवर मोठमोठ्या माणसांनी आयुष्याची वर्षं घातली आहेत. शाळकरी पोराने यातला एखादा विचारला आणि त्याला "पुस्तकात तसं दिलंय" एवढंच उत्तर मिळालं, तर तो त्या मजकुराकडे वळणारच, आणि त्यात त्याचा दोष नाही. म्हणून एकेक मुद्दा घेऊन त्याचं खरंखुरं उत्तर देतो.

"दाट वस्तू खाली, विरळ वस्तू वर. एवढं कारण पुरेसं आहे."

यातलं निम्मं खरं आहे, आणि दावा चटकन पटतो तो त्यामुळेच. पाण्यात लोखंड बुडतं, लाकूड तरंगतं. कोण वर राहणार आणि कोण तळाला जाणार, हे घनतेवरून ठरतं, यात वाद नाही. पण घनता म्हणजे एका घनसेंटिमीटरमध्ये किती ग्रॅम पदार्थ मावतो, तो आकडा. लोखंडाचा हा आकडा 7.9 आहे. आता नुसत्या 7.9 या आकड्यावरून लोखंडाने जमिनीकडे जावं, आकाशाकडे जावं की भिंतीकडे, हे कसं ठरवणार? आकड्याला दिशा नसते. दाट वस्तू जमिनीकडेच का जाते, याचं उत्तर दाव्यात कुठेच नाही. ते गुपचूप गृहीत धरलेलं आहे.

आता विरळ वस्तूला वर ढकलणारं बल येतं कुठून, ते पाहू. 10 सेंटिमीटर बाजू असलेला एक ठोकळा पाण्यात पूर्ण बुडवलेला आहे. पाणी त्याला सगळ्या बाजूंनी दाबतं. डावी-उजवीकडचा आणि पुढचा-मागचा दाब सारखाच असल्यामुळे तो हिशेब फिटतो. वरची बाजू आणि तळ यांचा मात्र फिटत नाही. तळ 10 सेंटिमीटर जास्त खोल आहे. तिथल्या पाण्यावर तेवढ्या जास्तीच्या पाण्याचा भार आहे, म्हणून तिथला दाब 980 पास्कलने जास्त. तळाचं क्षेत्रफळ 100 चौरस सेंटिमीटर. गुणाकार केला की ठोकळ्याला वर ढकलणारं बल येतं 9.8 न्यूटन. ठोकळ्याने बाजूला सारलेल्या एक लिटर पाण्याचं वजनही नेमकं तेवढंच असतं. आर्किमिडीजचा नियम तो हाच.

या हिशेबातून पाण्याचं वजन काढून टाकून बघा. वरच्या पाण्याचा खालच्या पाण्यावर भार नाही, म्हणजे खोलीबरोबर दाब वाढण्याचं कारण नाही. तळाचा दाब आणि वरचा दाब सारखाच. वर ढकलणारं बल शून्य. ज्या प्लावक, म्हणजे वर ढकलणाऱ्या, बलाच्या भरवशावर गुरुत्वाकर्षण मोडीत काढायचं चाललंय, ते बल गुरुत्वाकर्षणाशिवाय जन्मालाच येत नाही. या एका गोष्टीवर सगळा दावा कोसळतो. तरी केवळ माझ्या हिशेबावर विश्वास ठेवायची गरज नाही, कारण हे घरच्या घरी डोळ्यांनी दिसतं.

प्लास्टिकची एक रिकामी बाटली घ्या. तळापासून दोन बोटं वर खिळ्याने बारीक भोक पाडा. भोकावर बोट धरून बाटली पाण्याने भरा, झाकण लावू नका. बोट काढलं की पाण्याची धार लागते, कारण आतल्या पाण्याचा भोकापाशी दाब आहे. आता बाटली खांद्याच्या उंचीवर सरळ धरा आणि अलगद सोडून द्या. कोणाला तरी मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण करायला सांगा. दीड मीटर पडायला जेमतेम अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो, पण सेकंदाला 240 चित्रं घेणारा कॅमेरा असेल तर तेवढ्यात सव्वाशेच्या वर चित्रं मिळतात. त्यांत स्वच्छ दिसतं की हात सुटताक्षणी धार तुटते, आणि बाटली जमिनीला टेकेपर्यंत भोकातून पाणी येत नाही. हीच बाटली वर उडवली, तर हातातून सुटल्यापासून धार बंद होते. वर जातानाही बंद, खाली येतानाही बंद.

पडताना पाण्याची घनता बदलली का? नाही. ते हवेपेक्षा 800 पटींहून जास्त दाटच होतं. "दाट ते खाली जातं" हे पुरेसं असतं, तर पाण्याने भोकातून बाहेर पडत राहायला हवं होतं. ते थांबलं, कारण बाटली आणि पाणी दोन्ही एकाच त्वरणाने खाली येत होते. पाण्याला बाटलीवर भार टाकायला आधारच उरला नव्हता. भार गेला, दाबातला फरक गेला, धार गेली. यावर कोणी म्हणेल, बाटली आणि पाणी एकत्र पडले एवढंच. बरोबर. पण प्लास्टिक, पाणी आणि बाटलीत वर उरलेली हवा, तिघांची घनता वेगवेगळी असताना ती तिघं एकत्र का पडली, याचं उत्तर घनतेने द्यायचं आहे आणि ते तिच्यापाशी नाही.

पृथ्वीभोवती फिरणाऱ्या अंतराळस्थानकात हीच अवस्था सतत असते, कारण ते स्थानक पृथ्वीभोवती अखंड पडतच असतं. तिथे पाण्यात सोडलेला हवेचा बुडबुडा वर येत नाही, जिथल्या तिथे राहतो. मेणबत्तीची ज्योत लांबट न होता गोल होते, कारण गरम विरळ हवेला वर जाण्यासाठी 'वर' ही दिशाच उरलेली नसते.

"वस्तू पडते ती हवेच्या तुलनेत दाट असल्यामुळे."

मग हवा काढून घेऊ. जर्मनीत ब्रेमेनला 146 मीटर उंचीचा एक मनोरा आहे. त्याच्या आत 110 मीटर उंचीची नळी आहे. प्रयोगापूर्वी तिच्यातली जवळजवळ सगळी हवा पंपांनी उपसतात आणि मग वरून उपकरणांची कुपी सोडतात. ती तळाला पोचायला 4.74 सेकंद घेते. 110 च्या दुपटीला 9.81 ने, म्हणजे पडणाऱ्या वस्तूच्या त्वरणाने, भागा आणि वर्गमूळ काढा, कॅल्क्युलेटरवर 4.74 च येतं. ज्या माध्यमाशी घनतेची तुलना करायची ते माध्यमच तिथे उरलेलं नाही, तरी कुपी पडते, आणि तीही ठरल्या वेळात. स्थिर ठेवलेली वस्तू बल लावल्याशिवाय हलत नाही. त्या रिकाम्या नळीत कुपीला कोणतं बल हलवतं, हा प्रश्न दावा करणाऱ्यांनी स्वतःला विचारावा.

हवेत काय होतं, तेही आकड्यांत पाहू. समुद्रसपाटीला एक घनमीटर हवेचं वस्तुमान साधारण 1.2 किलो असतं. 60 किलोचा माणूस सुमारे 60 लिटर हवा बाजूला सारतो, म्हणजे हवा त्याला वर ढकलते ती जेमतेम 70 ग्रॅमच्या वजनाएवढी. हवेचं प्लावक बल खरं आहे, मोजता येतं, पण ते इतकंच. वजनकाट्यावर दिसणारा बाकीचा सगळा भार कशाचा, हे घनता सांगू शकत नाही.

आणखी एक गोष्ट. घनता हेच कारण असेल तर जास्त दाट वस्तू जास्त वेगाने पडायला हवी. लोखंडाचा गोळा आणि तेवढ्याच आकाराचा लाकडाचा गोळा, घनतेत दहापटीच्या आसपास फरक. डोक्याच्या उंचीवरून एकदम सोडले तर दोन्ही जवळपास एकाच क्षणी टेकतात. पिसाला वेळ लागतो तो हवेच्या घर्षणामुळे. काचेच्या नळीतली हवा काढून घेतली की पीस आणि नाणं बरोबरीने पडतं.

न्यूटनने यावर एक सुरेख प्रयोग केला होता. त्याने 11 फूट लांबीच्या दोऱ्यांना दोन सारख्या लाकडी पेट्या टांगून दोन लंबक केले. एका पेटीत लाकूड भरलं आणि दुसरीत तेवढ्याच वजनाचं सोनं. मग सोन्याच्या जागी चांदी, शिसं, काच, वाळू, मीठ, पाणी, गहू असं एकेक घालून पाहिलं. पेट्या बाहेरून सारख्या असल्यामुळे हवेचा विरोध दोन्हींना सारखाच. दोन्ही लंबक कितीतरी वेळ एकाच तालात झुलत राहिले. पदार्थाप्रमाणे त्वरणात एक सहस्रांश फरक असता तरी तो दिसला असता, असं त्याने नोंदवलं आहे. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण त्याला काहीही महागडं लागत नाही, आणि घनतेचा दावा जिथे पारखायचा नेमका तिथेच तो पारखतो. हीच कसोटी 2016 साली सोडलेल्या मायक्रोस्कोप या उपग्रहाने टायटॅनियमचा एक आणि प्लॅटिनमचा एक अशा दोन वेगळ्या मिश्रधातूंवर घेतली. 2022 साली जाहीर झालेल्या अंतिम निकालात 1,000 लाख कोटींत एका भागाएवढ्या बारकाईपर्यंत दोघांच्या पडण्यात फरक आढळला नाही. एकाची घनता दुसऱ्याच्या चौपटीहून जास्त होती.

"हेलियमचा फुगा वर जातो, म्हणजे तो गुरुत्वाकर्षणाला जुमानत नाही."

10 लिटरचा फुगा 12 ग्रॅम हवा बाजूला सारतो. आतलं हेलियम दोन ग्रॅमच्याही आत, रबर धरा तीन ग्रॅम. हवेचं वर ढकलणं 12 ग्रॅमचं, फुग्याचं स्वतःचं वजन पाचाच्या आत, म्हणून तो वर जातो. त्याला खाली ओढलं जातं ते आहेच, फक्त हवेला त्याच्याहून जास्त ओढलं जातं आणि ती त्याच्याखाली घुसते.

हा फुगा दोरी बांधून बंद गाडीत धरा, खिडक्या बंद. गाडी जोरात पुढे निघाली की आपण मागे रेलतो, आणि फुगा पुढे झुकतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याचा विश्वास बसत नाही. पण कारण सरळ आहे: गाडीतली हवाही आपल्यासारखीच मागे राहू पाहते, मागच्या काचेपाशी दाब किंचित वाढतो आणि फुगा कमी दाबाकडे, म्हणजे पुढे ढकलला जातो. फुग्याची घनता तीच, हवेची तीच, तरी फुग्याची दिशा बदलली. दिशा ठरवणारं बल घनतेहून वेगळं आहे, हे याहून स्पष्ट दिसणं अवघड.

"महासागर धरून ठेवणारं बल फुलपाखराला का धरून ठेवत नाही?"

कारण ते सगळ्यांना सारख्याच ताकदीने ओढत नाही. ते वस्तुमानाच्या प्रमाणात ओढतं. अर्ध्या ग्रॅमच्या फुलपाखरावर सुमारे 0.005 न्यूटन. एक लिटर समुद्राच्या पाण्यावर सुमारे 10 न्यूटन, म्हणजे दोन हजार पट. अख्ख्या महासागरांचं पाणी 1.4 × 10²¹ किलो आहे, त्यामुळे त्यावरचं बल अवाढव्य. सारखं असतं ते त्वरण, बल नव्हे. फुलपाखरू पंखांनी हवा खाली ढकलतं आणि ती हवा त्याला तेवढ्याच बलाने वर ढकलते. त्याला उचलायचं असतं ते फक्त स्वतःचं अर्धा ग्रॅम. उडताना ते ओढीतून सुटलेलं नसतं. पंख मिटले की लगेच खाली येतं.

"पृथ्वी फिरते तर आपण उडून का जात नाही? ओला चेंडू फिरवला की पाणी उडतं."

हा प्रश्न मला सगळ्यात चांगला वाटतो, कारण यात मोजण्यासारखं पुष्कळ आहे. ताशी 1,670 किलोमीटर हा विषुववृत्तावरचा वेग ऐकायला भयंकर वाटतो. पण भिरकावलं जाणं नुसत्या वेगावर ठरत नाही, दिशा किती झटपट बदलते यावर ठरतं. घड्याळाचा तासकाटा दिवसात दोन फेऱ्या मारतो आणि पृथ्वी एक, म्हणजे पृथ्वीचं वळणं तासकाट्याच्या निम्म्या गतीचं. विषुववृत्तावर या वळण्यासाठी दर सेकंदाला सेकंदी 0.034 मीटर एवढं त्वरण लागतं. गुरुत्वाकर्षणापाशी 9.8 आहे. लागतं त्याच्या जवळजवळ 290 पट.

तरी ते 0.034 कुठे हरवत नाही. 60 किलोच्या माणसाचं वजन विषुववृत्तावर केवळ परिवलनामुळे सुमारे 200 ग्रॅमने कमी भरतं. पृथ्वी मध्यभागी फुगलेली आहे, विषुववृत्तावरची त्रिज्या ध्रुवांकडच्या त्रिज्येहून 21 किलोमीटरने जास्त, तीही याच फिरण्यामुळे. विषुववृत्तावरची माणसं तरंगायला लागावीत एवढ्या जोरात पृथ्वी फिरायची असेल तर तिला साधारण 84 मिनिटांत एक फेरी पूर्ण करावी लागेल, आजच्या सतरा पट वेगाने.

ओल्या चेंडूचं म्हणाल तर दोन गोष्टी तपासा. टेनिसच्या चेंडूची स्वतःची ओढ पृथ्वीच्या ओढीपेक्षा सुमारे 3 अब्ज पटींनी कमी असते, आणि तो फिरवला जातो सेकंदाला अनेक फेऱ्यांनी. तोच चेंडू दिवसातून एक फेरी या गतीने फिरवा. पाणी उडणार नाही. त्याउलट पृथ्वी त्या पाण्याला जमिनीकडे ओढत असतेच, म्हणून ते थेंब खाली ठिबकतात.

"हेलिकॉप्टर थांबलं की जमीन खालून सरकायला हवी."

जमिनीवर उभं असलेलं हेलिकॉप्टर पृथ्वीबरोबर पूर्वेकडे जातच असतं. ते वर उचललं गेलं म्हणून तो वेग कुठे जात नाही. वेग काढून घ्यायला बल लागतं, आणि तसं आडवं बल त्याच्यावर कोणी लावलेलं नाही. भोवतालची हवाही त्याच वेगाने फिरत असते. जमिनीशी आणि हवेच्या थरांचं एकमेकांशी असलेलं घर्षण तिला मागे पडू देत नाही. हवा खरोखर मागे पडली असती तर विषुववृत्तावर ताशी 1,670 किलोमीटरचं वादळ कायम घोंगावत राहिलं असतं. 1640 साली प्येर गासँदी या फ्रेंच विद्वानाने वेगाने चाललेल्या वल्ह्यांच्या जहाजावर डोलकाठीवरून दगड सोडून पाहिला. दगड डोलकाठीच्या पायथ्याशीच पडला, मागे राहिला नाही.

पण इथे एक बारकावा आहे, आणि तो मला या सगळ्या विषयातला फार देखणा भाग वाटतो. परिवलनाची खूण अगदीच उमटत नाही असं नाही. उंचावरून सोडलेली वस्तू किंचित पूर्वेला पडते. दावा करणाऱ्यांना वाटतं ती मागे, पश्चिमेला राहायला हवी; प्रत्यक्षात ती पुढे जाते, कारण मनोऱ्याचा माथा पृथ्वीच्या केंद्रापासून लांब असल्याने पायथ्यापेक्षा जरा जास्त वेगाने फिरत असतो. विषुववृत्तावर 100 मीटर उंचीवरून, हवेचा अडथळा नसेल तर, हा फरक 2.2 सेंटिमीटर भरतो. 1851 साली लेआँ फूको या फ्रेंच शास्त्रज्ञाने पॅरिसमधल्या पँथिऑन या इमारतीच्या घुमटाला 67 मीटर तारेने 28 किलोचा गोळा टांगला आणि झोक्याची रेघ तासाला सुमारे 11 अंशांनी वळताना लोकांसमोर दाखवली. पृथ्वी स्थिर असती तर ती रेघ वळायचं कारण नव्हतं.

"हे बल कोणी मोजलंय? दोन वस्तू एकमेकींना ओढताना कोणी पाहिल्यात?"

हेन्री कॅव्हेंडिश या इंग्रज शास्त्रज्ञाने पाहिल्या. 1797-98 साली, म्हणजे दोनशेहून जास्त वर्षांपूर्वी.

सहा फूट लांबीचा एक हलका लाकडी दांडा, मधोमध बारीक तारेने आडवा टांगलेला. दांड्याच्या दोन टोकांना शिशाचे दोन छोटे गोळे, प्रत्येकी पाऊण किलोच्या आसपास. त्यांच्या शेजारी शिशाचे दोन मोठे गोळे, फूटभर व्यासाचे, प्रत्येकी 158 किलो. मोठे गोळे एका बाजूने जवळ आणले की दांडा त्यांच्याकडे किंचित वळतो, तारेला पीळ बसतो. मोठे गोळे उलट बाजूला नेले की दांडा उलट वळतो. पिळावरून बल काढता येतं. ते आलं एका न्यूटनच्या कोटीव्या भागाच्या सुमारे दीडपट, साधारण पंधरा मायक्रोग्रॅमच्या वजनाइतकं. माणूस नुसता खोलीत आला तरी त्याच्या अंगाच्या उबेने हवा हलेल आणि माप बिघडेल, म्हणून कॅव्हेंडिशने सगळं बंद खोलीत ठेवलं, गोळे बाहेरून दोरीने हलवले आणि भिंतीतल्या भोकातून दुर्बिणीने मापं वाचली. गोळ्यांत चुंबकत्व तर नाही ना, उष्णतेने हवेचे झोत तर उठत नाहीत ना, हे त्याने वेगळं तपासलं. त्यातून पृथ्वीची सरासरी घनता पाण्याच्या 5.48 पट निघाली. आज ती 5.51 मानली जाते.

या प्रयोगात ओढ आडवी आहे. दांडा वर-खाली जात नाही, बाजूला वळतो. "दाट वस्तू खाली जाते" या नियमाने हलणारी कुठलीही वस्तू बाजूला वळूच शकत नाही. छोटा गोळा शिशाचा, मोठाही शिशाचा, घनता एकच, आणि मधली हवाही दोन्ही बाजूंना तीच. तरी ओढ आहे. त्यानंतर हा प्रयोग वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या पदार्थांनी, निर्वातातही पुन्हा पुन्हा झाला. 2021 साली व्हिएन्नातल्या संशोधकांनी तो अवघ्या 90 मिलिग्रॅमच्या, 2 मिलिमीटर व्यासाच्या सोन्याच्या मण्यांवर केला. ओढ मिळालीच.

शेतातल्या विहिरीपासून मनोऱ्यापर्यंत सगळीकडे बांधकाम ज्या ओळंब्यावर उभं राहतं, तो ओळंबासुद्धा साक्ष देतो. 1774 साली नेव्हिल मॅस्केलाइन या इंग्रज खगोलवेत्त्याने स्कॉटलंडमधल्या शिहॅलियन या डोंगराच्या दोन्ही बाजूंना तळ ठोकला आणि ताऱ्यांच्या आधाराने ओळंबा किती कलतो ते मोजलं. दोन्हीकडे तो डोंगराकडे झुकलेला होता. दोन्ही बाजूंचा फरक मिळून सुमारे 11.6 विकला (एक विकला म्हणजे अंशाचा 3,600 वा भाग). डोंगर ओळंब्याला बाजूला ओढतो.

त्याच्याही शंभर वर्षं आधी, 1672 साली जाँ रिशे हा खगोलवेत्ता पॅरिसहून लंबकाचं घड्याळ घेऊन विषुववृत्ताजवळच्या केयेनला गेला. तिथे ते दिवसाला सुमारे अडीच मिनिटं मागे पडू लागलं. उन्हाने दांडा लांबला म्हणावं, तर तापमानात 20 अंशांचा फरक पडला तरी लोखंडी दांड्यामुळे दिवसाला जेमतेम 10 सेकंदांची चूक येते. उरलेल्या वेळाचं कारण एकच: विषुववृत्तावर वस्तू कमी त्वरणाने पडतात. आज आपल्याला ठाऊक आहे की ते त्वरण ध्रुवांवर 9.83 आणि विषुववृत्तावर 9.78 आहे. लंबक तोच, धातू तोच, घनता तीच, आणि वजन मात्र जागेप्रमाणे बदललं.

"आइन्स्टाइनने गुरुत्वाकर्षण खोटं ठरवलं."

त्याने न्यूटनचं स्पष्टीकरण बदललं. वस्तुमानामुळे अवकाश आणि काळ वक्र होतात आणि मुक्तपणे पडणारी वस्तू त्या वक्रतेतली सरळ वाट धरते, असं त्याने 1915 साली मांडलं. यात पडण्याचं मूळ वस्तुमान आणि ऊर्जा यांतच आहे. घनतेच्या दाव्याला इथून काडीचाही आधार मिळत नाही. न्यूटनचा नियमही त्यामुळे टाकाऊ झाला नाही. त्याच्याच जोरावर ल व्हेरिए या फ्रेंच खगोलवेत्त्याने युरेनसच्या चालीतल्या गडबडीवरून एका न पाहिलेल्या ग्रहाची जागा सांगितली होती, आणि 23 सप्टेंबर 1846 च्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेत त्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला. बुधाच्या कक्षेत मात्र शतकाला 43 विकलांचा फरक न्यूटनच्या नियमाने सुटत नव्हता, तो आइन्स्टाइनच्या सिद्धांताने सुटला. "दाट ते खाली" या वाक्यातून कुठल्या ग्रहाची जागा काढता येईल?

ज्या मोबाइलवर तो मजकूर वाचला जातो, त्यातला नकाशाही या सिद्धांतावर चालतो. जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवर आहेत. तिथे गुरुत्वाकर्षण कमी असल्याने त्यांची घड्याळं दिवसाला 45 मायक्रोसेकंद पुढे जातात आणि वेगामुळे 7 मायक्रोसेकंद मागे पडतात. उरतात 38. प्रकाशाच्या वेगाने गुणलं तर दिवसाला 11 किलोमीटरहून जास्त. म्हणून ही दुरुस्ती त्या यंत्रणेत आधीच केलेली असते.

एवढ्या उंचीवर जायचीही गरज नाही. 2010 साली अमेरिकेत बोल्डरच्या प्रयोगशाळेत अत्यंत अचूक अशी दोन आण्विक घड्याळं घेतली आणि एक दुसऱ्यापेक्षा फक्त 33 सेंटिमीटर उंच केलं. वरचं घड्याळ जलद चालू लागलं, सिद्धांताने सांगितलं होतं तितकंच.